कॅल्शियमच्या दोन रेषा

शनिवारी दुपारी पौर्णिमा ओव्हाळ तिसऱ्यांदा स्लॅबवर चढली. घरात मोबाइलला रेंज मिळत नव्हती, आणि रेंजशिवाय पुण्यातल्या खगोल-संस्थेच्या कॉम्प्युटरवर तिचं काम कुठवर आलंय ते कळत नव्हतं. पाण्याच्या टाकीला टेकून, एका हातात लॅपटॉप आणि दुसऱ्या हातात मोबाइल धरून ती उभी राहिली. एकोणीसशे बारा फायलींपैकी सातशे चाळीस झाल्या होत्या. तेवढं दिसलं आणि रेंज गेली.

खाली अंगणात तिचे वडील जालिंदर नवा सफारी अंगाला लावून बघत होते. एकतीस वर्षं त्यांनी एसटीत कंडक्टरची नोकरी केली, बीड-नेकनूर-केजच्या गाड्यांवर. निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती. खाकी सोडून दुसरा कुठला पोशाख त्यांनी शिंप्याकडे माप देऊन शिवून घेतला असेल तर तो लग्नातला. हा दुसरा.

"पौर्णिमा, खाली ये. बाही आखूड वाटतीय का बघ."

"बरी हाय, पप्पा."

"न बघताच बरी हाय म्हणतीस."

ती खाली आली, बाही बघितली, बरी आहे म्हणाली आणि पुन्हा जिना चढली.

उद्या, रविवारी, सकाळी अकरा वाजता गावच्या शाळेच्या मैदानावर तिचा सत्कार होता. गाव नेकनूरपासून सात किलोमीटर आत. फाट्यावर आठ दिवसांपासून बॅनर लागलेला होता: 'नव्या ग्रहाचा शोध लावणारी गावची कन्या'. खाली तिचा पासपोर्टसाठी काढलेला फोटो, आणि फोटोपेक्षा चौपट मोठा जिल्हा परिषद सदस्य विजयसिंह यांचा. ओव्हाळांच्या घरातल्या कोणाचंही नाव त्या फाट्यावर याआधी लागलं नव्हतं. बॅनर लागला त्या संध्याकाळी जालिंदर काही कारण नसताना दोनदा फाट्यापर्यंत चालत जाऊन आले, असं तिला आईने फोनवर सांगितलं होतं.

पौर्णिमाने ज्या ताऱ्याचा अभ्यास केला होता तो मीन राशीत होता. त्याला नाव नव्हतं, यादीतला एक क्रमांक होता. वजनाने, वयाने, रंगाने जवळजवळ आपल्या सूर्यासारखा. त्याचा प्रकाश इथे पोचायला त्र्याहत्तर वर्षं लागत होती. त्याच्याभोवती फिरणारा ग्रह कोणी डोळ्यांनी पाहिला नव्हता, दुर्बिणीतूनही दिसणं शक्य नव्हतं. पण मोठा ग्रह ताऱ्याभोवती फिरतो तेव्हा ताराही त्याच्या ओढीने किंचित हलतो. थोडा आपल्याकडे येतो, थोडा लांब जातो. तो जवळ येताना त्याच्या प्रकाशाच्या वर्णपटातल्या काळ्या रेषा निळ्या बाजूला सरकतात, लांब जाताना तांबड्या बाजूला. किती सरकल्या ते मोजलं की ताऱ्याचा वेग कळतो. पौर्णिमाने चौदा वर्षांच्या नोंदी गोळा केल्या होत्या. पहिल्या नऊ वर्षांच्या एका जुन्या उपकरणाच्या, पुढच्या पाच वर्षांच्या नव्या उपकरणाच्या. सगळ्या मिळून तारा साधारण अकरा-बारा वर्षांत एकदा पुढे-मागे होताना दिसत होता. त्यावरून तिने ग्रहाचं वजन काढलं होतं, गुरूपेक्षा थोडं जास्त.

"तारा किती जोरात हालतो मग?" जालिंदरांनी विचारलं होतं.

"तासाला पंचेचाळीस किलोमीटर."

"मंजी आपली मांजरसुंब्याच्या घाटातली गाडी," ते म्हणाले होते, आणि त्यांना ती गोष्ट इतकी आवडली की पुढे भेटेल त्याला त्यांनी ती सांगितली.

शोधनिबंध नियतकालिकाकडे गेला होता, छापून यायचा होता. पण संस्थेने तो इंटरनेटवर ठेवला, एका वर्तमानपत्राच्या जिल्हा पानावर बातमी आली, आणि विजयसिंहांनी सत्कार ठरवला.

गुरुवारी संध्याकाळी पौर्णिमा पुण्यात बॅग भरत असताना नियतकालिकाचं पत्र आलं. निबंध तपासणाऱ्या अनोळखी शास्त्रज्ञाने दीड पान कौतुक केलं होतं आणि शेवटी एक प्रश्न विचारला होता. जुन्या नऊ वर्षांच्या नोंदींत कॅल्शियमच्या दोन रेषा तपासल्या आहेत का?

नव्हत्या तपासल्या.

आपल्या सूर्यावर डाग येतात. अकरा वर्षांच्या चक्रात ते वाढतात, कमी होतात. दुसऱ्या ताऱ्यांवरही असं होतं. डाग वाढले की ताऱ्याच्या पृष्ठभागावरची खळबळ बदलते आणि रेषा आपोआपच थोड्या सरकतात. तारा जागचा हलत नसतो, पण हलल्यासारखा दिसतो. असं काही चाललंय का ते जांभळ्या टोकाला असलेल्या कॅल्शियमच्या दोन रेषांवरून कळतं; डाग वाढले की त्या उजळतात. पौर्णिमाने नव्या पाच वर्षांत त्या तपासल्या होत्या आणि तिथे काही दिसलं नव्हतं. जुन्या नऊ वर्षांसाठी सगळ्या फायली पुन्हा उघडून साफ कराव्या लागल्या असत्या. नीट करायचं तर दीड महिन्याचं काम. तिच्या मार्गदर्शक लेले मॅडम म्हणाल्या होत्या, पाच वर्षांत नाही तर आधीही नसणार. तिनेही मान डोलावली होती. तिला तेव्हा घाई होती.

गुरुवारी रात्रभर जागून तिने त्या रेषा निदान ढोबळ मोजणारा एक प्रोग्रॅम कसाबसा लिहिला, संस्थेच्या कॉम्प्युटरवर सुरू करून दिला आणि शुक्रवारी सकाळची गाडी पकडली.

शनिवारचा दिवस असा जिने चढण्या-उतरण्यात गेला. आई जाईबाई अंगणवाडीत मदतनीस होती. ती दुपारी घरी आली तेव्हा पोरीचं ताट झाकलेलंच होतं.

"जेवली न्हाईस?"

"जेवते."

"सकाळपसून कुठं चढायलीस उतरायलीस? पाय दुखत न्हाईत का?"

"ऑफिसचं काम हाय, माय."

जाईबाईने तिच्याकडे नीट बघितलं. "काम हाय का काय झालंय?"

"अजून काय झालं न्हाई," पौर्णिमा म्हणाली. ते खरं होतं.

संध्याकाळी विजयसिंहांचा माणूस बंकट मोटारसायकलवर आला. स्टेजवर कोण कुठे बसणार ते सांगायला. मधे अध्यक्ष म्हणून विजयसिंह, त्यांच्या डाव्या हाताला पौर्णिमा, उजव्या हाताला त्यांचे वडील अर्जुनराव, आणि अर्जुनरावांच्या शेजारी जालिंदर.

"स्टेजवर?" जालिंदरांनी विचारलं.

"स्टेजवर. दादांनी स्वतः सांगितलंय. आन् अजून एक हाय, पण ते उद्या दादाच जाहीर करतेल." बंकटने गाडीला किक मारली आणि मग स्वतःलाच राहवलं नाही म्हणून सांगून टाकलं. "तुमच्या वस्तीत पोरींसाठी अभ्यासिका. ताईचं नाव देऊन."

तो गेल्यावर जालिंदर बराच वेळ दारात उभे होते. वस्तीतल्या पोरी दहावीला पोचल्या की अभ्यासाला बसायला जागा नसते म्हणून त्यांनी ग्रामपंचायतीत सहा वर्षं अर्ज दिले होते. पौर्णिमाला ते माहीत होतं. ती पुन्हा स्लॅबवर गेली.

रविवारी सकाळी साडेआठला सगळ्या फायली झाल्या. आलेख उघडायला चार मिनिटं लागली. वरची ओळ ताऱ्याच्या वेगाची, तिच्या ओळखीची, हळूहळू चढून उतरणारी. खालची ओळ कॅल्शियमची. पहिल्या नऊ वर्षांत तीही चढून उतरत होती, जवळजवळ तशीच. शेवटच्या पाच वर्षांत ती सपाट वाटली होती कारण ती उताराच्या तळाशी होती.

तिने लॅपटॉप मिटला, परत उघडला. आकडे तेच होते.

मॅडमना फोन लावला. मॅडमनी आलेख मेलवर बघितला.

"दोन्ही असू शकतं," त्या म्हणाल्या. "ग्रह असेल आणि चक्रही असेल. किंवा नुसतं चक्र असेल."

"मॅडम, आज माझा सत्कार आहे."

"माहीत आहे. जा आणि शाल घे. सोमवारी आपण शांतपणे बसू. तिथे कोणी तुला कॅल्शियम विचारणार नाही."

"म्हणूनच."

"पौर्णिमा, अर्धवट माहितीवर बोलणं हेही चूकच असतं. निबंध मागे घ्यायचा की नाही ते आपण अजून ठरवलेलं नाही."

ते बरोबर होतं. फोन ठेवल्यावरही ते बरोबरच वाटत राहिलं, आणि तरीही तिला एका जागी उभं राहवेना. तिने आईने काढून ठेवलेली निळी साडी नेसली. निऱ्या दोनदा सुटल्या. तिसऱ्यांदा जाईबाईनेच बसवल्या.

शाळेकडे जाताना तिने वडिलांना गाठलं. जाईबाई शेजारणींबरोबर मागून येत होती.

"पप्पा, एक सांगायचंय. तो ग्रह कदाचित नसेल."

जालिंदर थांबले. "नसेल मंजी?"

तिने सांगितलं. डाग, चक्र, कॅल्शियम, राहून गेलेली नऊ वर्षं.

"कवा कळलं?"

"आत्ता. साडेआठला."

"न्हाईच म्हणून नक्की हाय का?"

"न्हाई. तेबी नक्की न्हाई. अर्धं अर्धं."

"मंग आज काय बोलायचं कारण न्हाई." ते पुन्हा चालायला लागले. "नक्की झालं की सांग. मीच सांगतो सगळ्यांला, गल्लोगल्ली जाऊन. पण आज न्हाई."

"पप्पा."

"आज न्हाई, पौर्णिमा."

मैदानावर मांडव होता. निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या, कारण ऊसतोडीला गेलेली माणसं अजून कारखान्यांवरून परतली नव्हती. शाळेची मुलं पुढे सतरंजीवर बसवली होती. विजयसिंह वेळेवर आले, हे विशेष. चाळिशीचे, पांढरे कपडे, सगळ्यांच्या नावासकट ओळखी. जालिंदरांना बघून ते पुढे आले.

"या, जालिंदरराव. इकडं बसा, आण्णांच्या शेजारी."

ऐंशी वर्षांचे अर्जुनराव आधीच बसलेले होते. त्यांनी जालिंदरांकडे वळून बघितलं आणि म्हणाले, "ये कंडक्टर." जालिंदर बसले, खुर्चीच्या काठावर, हात गुडघ्यांवर ठेवून.

प्रतिमांना हार झाले. मुलींनी स्वागतगीत म्हटलं. हेडमास्तर बजरंग सरांनी प्रास्ताविकात पौर्णिमा सातवीत असताना गणितात शंभरपैकी शंभर मिळाल्याचं सांगितलं. ते खरं तर ब्याण्णव होते. मग शाल, नारळ, फेटा. फोटोसाठी विजयसिंहांनी तिला दोनदा नारळ दिला. टाळ्या वाजल्या. जाईबाई बायकांच्या पहिल्या रांगेत बसून पदराने तोंड पुसत होती.

"आता सत्कारमूर्तींनी दोन शब्द बोलावेत," बजरंग सर म्हणाले.

फेटा कपाळावर घट्ट बसला होता. पौर्णिमाने आदल्या दिवशी एका कागदावर भाषण लिहिलं होतं, शाळेचे आभार, आईवडिलांचे आभार, मुलींनी शिकावं. ते तिने वाचायला घेतलं. आभारापर्यंत ती आली. मग पुढच्या ओळीत 'मी शोधलेला ग्रह' असे शब्द होते आणि ती तिथे अडली.

तिने कागदाची घडी घातली.

"मला एक सांगायचंय," ती म्हणाली. माइकमधून तिचाच आवाज तिला दुसऱ्या कोणाचा तरी वाटला. "माझ्या कामात एक तपासणी राहिली होती. ती मी काल आणि आज सकाळी केली. तिच्यावरून असं दिसतंय की तो ग्रह आहे की नाही हे आज सांगता येत नाही. असेल, नसेलही. तारा हलतोय असं मला वाटलं, पण ताऱ्यावरच्या डागांमुळेही तसं दिसू शकतं. ती तपासणी मी आधीच करायला पाहिजे होती. मी केली नाही. चूक माझी आहे. तुम्ही मला ग्रहासाठी बोलावलं. तो आहे असं समजून तुम्ही घरी जाऊ नये, म्हणून सांगितलं."

ती अजून काहीतरी बोलणार होती. पण समोर नुसती शांतता होती, टाळ्याही नाहीत आणि कुजबुजही नाही. सतरंजीवरच्या एका पोराने शेजारच्याला विचारलं, "मंग काय सापडलंच न्हाई व्हय?" ते माइकशिवायही सगळ्यांना ऐकू गेलं. कोणीतरी हसलं. ती खाली बसली.

वडिलांकडे बघायचं नाही असं ठरवूनही तिने बघितलं. जालिंदर समोर कुठेतरी, मैदानाच्या भिंतीकडे बघत होते.

विजयसिंह उठले. ते मुरलेले वक्ते होते. "ताईंनी किती प्रामाणिकपणे सांगितलं बघा," ते म्हणाले. "ग्रह आसंल न्हाईतर नसंल, ते शास्त्रज्ञ लोक बघून घेतेल. आपण सत्कार केलाय तो शिक्षणाचा." मग ते रस्त्याच्या डांबरीकरणाकडे वळले, तिथून शाळेच्या संरक्षक भिंतीकडे, आणि वीस मिनिटांनी जय हिंद म्हणून थांबले. अभ्यासिकेचा शब्द आला नाही.

कार्यक्रमानंतर हेडमास्तरांच्या खोलीत चहा झाला. विजयसिंह एका लग्नाला जायचं म्हणून चहा न घेताच निघाले. पौर्णिमा फेटा काढून कोपऱ्यात उभी होती. अर्जुनरावांनी तिला हाताने जवळ बोलावलं.

"किती वर्सं बघितलं म्हणलीस तू त्या ताऱ्याला?"

"चौदा."

"आन् त्या ग्रहाची एक फेरी?"

"बारा वर्षांची असंल."

"मंजी एकच फेरी पदरात हाय." त्यांनी बशीतला चहा संपवला. "एका सालच्या पिकावरून मी कधी रान इकत घेतलं न्हाई. तू कावून घेतलं?"

अर्जुनरावांनी उत्तराची वाट बघितली नाही. त्यांच्या नातवाला पुण्यात कुठल्या कॉलेजात घालावं हे ते विचारायला लागले, आणि तो विषय पुढची दहा मिनिटं चालला.

घरी आल्यावर जालिंदरांनी सफारी काढून घडी करून पेटीत ठेवला. जेवताना ते बोलले नाहीत. दुपारी बाहेर गेले, दिवस मावळताना आले. जाईबाई दोघांच्या मधे फिरत राहिली, एकाला पाणी, एकीला चहा. शेवटी पौर्णिमाच ओट्यावर त्यांच्याजवळ जाऊन बसली.

"पप्पा, बोला काहीतरी."

"काय बोलू?"

"रागवा."

"रागवून काय करू?" ते रस्त्याकडे बघत होते. "मला एवढंच सांग. तू नंतर सांगितलं असतं, एक तासानं. विजयसिंहाचं भाषण झाल्यावर. तर काय बिघडलं असतं?"

"लोक टाळ्या वाजवायलेते. माझ्यासाठी."

"वाजू दिल्या असत्या. एक तास. माझ्यासाठी न्हाई, त्या पोरींसाठी. एकदा माइकवर बोलला असता तर फिरला नसता तो. सहा वर्सं मी अर्ज लिव्हलेत, पौर्णिमा. सहा वर्सं."

अभ्यासिकेचं तिला माइकसमोर आठवलं नव्हतं असं नाही. आठवलं होतं, आणि तरी ती बोलली होती. हे वडिलांना सांगावं की नाही ते तिला ठरवता येईना.

"आठवलं व्हतं मला," शेवटी ती म्हणाली.

जालिंदरांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. मग ते उठून आत गेले.

सोमवारी पहाटेच्या गाडीला ते तिला सोडायला फाट्यापर्यंत आले. बॅग त्यांनीच धरली होती. गाडी आली तेव्हा त्यांनी कंडक्टरला नावाने हाक मारून पुढची जागा द्यायला लावली. तिच्याशी मात्र 'पोचलीस की फोन कर' एवढंच.

पुण्यात मॅडम दोन दिवस तिच्याशी तुटक बोलल्या. गावातल्या कोणीतरी भाषणाचा व्हिडिओ टाकला होता आणि तो संस्थेपर्यंत पोचला होता. तिसऱ्या दिवशी दोघी बसल्या आणि निबंध थांबवायचं ठरलं. ग्रह आहे असं न म्हणता नुसत्या नोंदी आणि शंका लिहायच्या. तो लहान निबंध पुढच्या दिवाळीच्या सुमाराला छापून आला. कोणी बातमी केली नाही.

ते वर्ष पौर्णिमाला सरळ गेलं नाही. ती त्या ताऱ्याच्या फायली पुन्हा पुन्हा उघडायची. ग्रह धरून गणित करायची, मग ग्रह काढून करायची. दोन्ही गणितं सारखीच बसायची. जेवताना, बसमध्ये, आंघोळ करताना तिच्या डोक्यात त्या दोन ओळी चढत-उतरत राहायच्या. झोप लागली तरी दोन तासांनी जाग यायची. मैत्रिणी म्हणायच्या, दुसरा तारा घे. तिने दुसरे सहा घेतले, पण नजर तिकडेच जायची. गावी ती दोनदा गेली. जालिंदर बोलायचे, पिकांचं, एसटीच्या संपाचं, नात्यातल्या लग्नांचं. ताऱ्याचं कधी विचारलं नाही. अभ्यासिका झाली नाही. जाईबाईने अंगणवाडीची खोली संध्याकाळी दोन तास पोरींसाठी उघडी ठेवायला सुरुवात केली होती. किल्ली तिच्याजवळच असायची.

एप्रिलमध्ये, सत्कारानंतर चौदा महिन्यांनी, युरोपातल्या एका गटाचा निबंध आला. त्यांच्याकडे अवरक्त प्रकाशात बघणारं उपकरण होतं. त्या प्रकाशात डागांचा परिणाम फार कमी होतो. तारा नुसताच हलल्यासारखा दिसत असता तर तिथे तो जवळजवळ थांबलेला दिसला असता. तो थांबलेला नव्हता. डागांचं चक्र होतं, साडेदहा वर्षांचं, आणि ग्रहही होता. त्याची एक फेरी बारा वर्षं आणि चार महिन्यांची. योगायोगाने एका फेरीत दोन्ही जवळजवळ बरोबर चालले होते. ग्रहाचं वजन पौर्णिमाच्या आकड्यापेक्षा थोडं कमी. शोध त्यांच्या नावावर गेला. 'याआधीच्या नोंदी आणि त्यांवरची शंका' म्हणून पौर्णिमाचा निबंध यादीत सतरावा होता.

मॅडमनी दारातूनच विचारलं, "बघितलंस?"

"बघितलं."

"आपण थांबलो नसतो तर मागच्या मे महिन्यात..." मॅडम तिथेच थांबल्या. मग आत येऊन बसल्या आणि दोघींनी तो निबंध पुन्हा पहिल्यापासून वाचला. काम चांगलं होतं. कुठे बोट ठेवायला जागा नव्हती.

पौर्णिमाला वाटलं होतं की कळलं की आतली धडपड थांबेल. थांबली नाही. ती संस्थेच्या आवारात दोन चकरा मारून आली. ऊन कडक होतं. मीन रास त्या वेळी सूर्याच्या अगदी पाठीमागे होती. अजून कितीतरी आठवडे त्या ताऱ्याकडे कोणालाच बघता येणार नव्हतं. तिने सावलीला उभं राहून वडिलांना फोन लावला.

"पप्पा, तो ग्रह हाय."

"कोणता? तोच?"

"तोच. दुसऱ्या लोकांनी नक्की केलं. त्यांच्या नावावर गेला."

"आन् तू न्हाई म्हणली व्हतीस."

"न्हाई म्हणले नव्हते. सांगता येत न्हाई म्हणले व्हते."

"हां. तसंच म्हणली व्हतीस." मग थोड्या वेळाने, "तुला लई वाईट वाटायलंय का?"

"वाटायलंय."

"वाटणारच," जालिंदर म्हणाले. समजूत घातली नाही. ती रडतेय हे त्यांना कळलं असावं, कारण त्यांनी फोन ठेवला नाही, आणि बोललेही नाहीत. मागून कुठूनतरी बकरीचा आवाज येत होता. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "जेव जाऊन," आणि मग ठेवला.

रात्री आठ वाजता जाईबाईचा फोन आला.

"पौर्णिमा, तू ह्यांला काय सांगितलं गं दुपारी?"

"कावून? काय झालं?"

"पारावर गेलते. तिथं आर्जुनराव व्हते. ह्यांनी सांगितलं ग्रह हाय म्हणून. आर्जुनराव म्हणले, मंग त्या दिवशी पोरीनं उगंच शेण खाल्लं, सत्कार बरोबरच व्हता की. तर हे त्यांच्या अंगावर गेले. म्हणले, त्या दिवशी तिला माहीत नव्हतं, माहीत नव्हतं तेच तिनं सांगितलं, त्यात शेण कशाचं. बंकट सांगायला आलता. अर्धा तास भांडण झालं म्हणं. ह्यांचा आवाज एवढा कधी कोणी ऐकला नव्हता."

पौर्णिमा कॉटवर बसली. "आता कुठं हायत?"

"हितंच हायत, बाजेवर. ऐकायलेत, पण ऐकत न्हाई असं दावायलेत."

"फोन दे त्यांला."

जाईबाई तिकडे काहीतरी बोलली. उत्तर लांबून आलं, अस्पष्ट.

"घेत न्हाईत," ती म्हणाली. "इचारायलेत, सुट्टी कवा हाय तुला."